कौतिकरावांचे रुळलेले बूट

बुटांचं खोकं दारापर्यंत आलं आणि इंदिराबाईंनी ते उंबऱ्याबाहेरच अडवलं.

"आत नाही यायचं ते."

"अगं, कोरे आहेत. अजून मातीला लागले नाहीत," कौतिकराव म्हणाले.

"बूट तो बूट. देवघरासमोरून कोणी बूट नेतं का? ठेवा तिथंच, चपलांच्या फळीवर."

"आणि चोरीला गेले तर?"

"गेले तर गेले. तुमचे पाय तरी घरी राहतील."

कौतिकरावांनी खोकं फळीवर ठेवलं. मेहरूणच्या त्या गल्लीत त्यांना सगळे टाळकरी म्हणून ओळखत. नोकरी धरणगावला केली, निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं, पण जन्म खरा कारणी लागला तो कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभं राहण्यात. बुवा तीन तास बोलले तर कौतिकराव तीन तास उभे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि पाय असे की कीर्तन संपल्यावर बाकीचे मटकन खाली बसत तेव्हा हे सतरंज्या गोळा करायला लागत. त्यामुळे डोंगर चढायची त्यांना धास्ती नव्हती. पायांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न पायातल्या वस्तूचा होता, पण हे कळायला फार उशीर लागला.

झालं होतं असं, की त्यांची एकुलती एक लेक मेघा पुण्याहून दिवाळीला आली आणि जाताना म्हणाली, "आबा, उन्हाळ्यात मी जर्मनीला जाणार. कंपनीनं पाठवायचं पक्कं केलंय. त्याआधी मार्चमध्ये तुमच्याबरोबर एक ट्रेक करायचाय. उत्तराखंडात. बर्फातला."

"माझ्याबरोबर? तुझ्या मैत्रिणी नाहीत का?"

"मैत्रिणी पुष्कळ आहेत. आबा एकच आहेत. वर शिखरावर पोचायचं, दोघांनी शेजारी बसायचं आणि समोरचे डोंगर बघायचे. बस. आणखी काही मागत नाही मी."

तिनं आजवर खरंच काही मागितलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचली तेव्हा चोपड्याला सप्ता होता. बक्षीस मिळालं तेव्हा काल्याचं कीर्तन होतं. दर वेळी ती "असू द्या आबा" म्हणाली आणि दर वेळी आबांनी असू दिलं. म्हणून या वेळी कौतिकरावांनी शिखर किती उंच आहे हेसुद्धा न विचारता हो म्हणून टाकलं.

मेघानं मग एकच गोष्ट बजावली. "बूट चांगले घ्या आणि आत्तापासून रुळवा. जवळपासच्या डोंगरांवर तेच घालून चढायचं. कोरे बूट घालून आलात तर दुसऱ्या दिवशी पाय सोलून निघतील. ट्रेकमध्ये माणूस दमानं हरत नाही, टाचेनं हरतो."

बुटांच्या दुकानाचे मालक नवलशेठ. त्यांनी कौतिकरावांना संध्याकाळीच बोलावलं होतं, दिवसभरात पाय फुगतात म्हणून. लोकरीचे जाड मोजे चढवायला लावले. टाच उचलते का बघितलं, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का चाचपलं.

"चामडं नको हं," कौतिकराव म्हणाले.

"माळ बघितली मी काका. बिनचामड्याचा हा एकच जोड आहे. जरा ताठ आहे. पण दोन महिने रोज घाला, मग हा बूट तुमचा. नाही घातलात, तर तुम्ही बुटाचे."

"चालून बघू का?"

"बघा की."

कौतिकरावांनी दोन पावलं टाकली, पण चालून त्यांना काही अंदाज येईना. मग त्यांनी डोळे मिटले, हातात टाळ आहेत असं समजून दुकानाच्या मधोमध पावली धरली. दोन पुढे, एक मागे, एक उडी, एक गिरकी. फळीवरच्या लेडीज सँडल थरथरल्या. चपला बघायला आलेली एक बाई हात जोडून बाजूला सरकली.

"काका," नवलशेठ म्हणाले, "डोंगरावर चढायचंय की नाचायचंय?"

"बसतोय बूट," कौतिकराव धापा टाकत म्हणाले. "बांधा."

तर असे ते बूट आले आणि चपलांच्या फळीवर बसले. घरात घालायची सोय नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे कौतिकराव ते घालून मेहरूण तलावाच्या फेरीला निघाले. गल्लीच्या तोंडाशी मारुती. मारुतीपुढून पायातलं न काढता ते जन्मात गेले नव्हते. एरवी चप्पल सुटायची, हात जोडायचे, चप्पल पुन्हा पायात. पण या बुटाला नाड्या, नाड्यांना आकडे, आकड्यांना गाठी. मारुतीपाशी नाड्या सोडून बांधेपर्यंत उजाडलं. पुढे महादेव. त्याच्या पुढे देवी. देवीपुढच्या पायरीवर ते बूट उतरवून बसले तेव्हा तलावाची फेरी संपवून परत येणाऱ्या लोकांनी विचारलं, "काय भाऊ, पाय दुखतोय का?"

"नाही. देव लागताहेत," कौतिकराव म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं, गावात बूट घालायचेच नाहीत. बूट डोंगराचे, डोंगरावरच घालायचे. त्यासाठी त्यांनी सुपडूला गाठलं. सुपडू धरणगावजवळच्या एका खेड्यातला शेतकरी, मृदंग वाजवणारा, जुना सोबती. त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि खान्देशातला एकही सप्ता त्यानं सोडलेला नसल्यामुळे सगळे डोंगर पाठ होते.

पहिला डोंगर एरंडोलकडचा. पायथ्याशी मोटारसायकल लावली, आणि कौतिकरावांनी वर कळस बघितला. ते खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले.

"हाई काय भाऊ? डोंगर त आत्ते सुरू व्हस!"

"वर गणपती शे ना सुपडू."

"वर शे! आठे कोठे शे?"

पण कौतिकरावांनी लहानपणी एका बुवांच्या तोंडून ऐकलेलं मनात घट्ट धरलं होतं. बुवा म्हणाले होते, देव काही नुसता कळसाखाली बसून राहत नाही. भक्त येतोय म्हटल्यावर तो डोंगर उतरून पायथ्याशी येतो. आता पायथ्याशी देव उभा असताना त्याच्या अंगावरून बूट घालून कसं जायचं? ते अनवाणीच चढले. बूट खाली ठेवायची सोय नव्हती, कारण किंमत भारी. म्हणून नाड्या एकत्र बांधून ते त्यांनी गळ्यात अडकवले. गळ्यात माळ आणि माळेवर बूट नको, म्हणून अर्ध्या वाटेत ते पाठीवर घेतले. डोंगर उत्तम चढले. दम लागला नाही. बूट मात्र जसे दुकानातून निघाले तसे वर जाऊन खाली आले.

पुढच्या आठवड्यात सातपुड्याच्या कुशीत गेले, तिथं देवी. धुळ्याकडे लळिंगचा किल्ला चढायला गेले. किल्ला म्हणजे राजाचा, तिथं काही अडचण नाही असं सुपडूनं छातीठोक सांगितलं होतं. बूट घालून पंधरा-वीस पावलं गेले असतील नसतील, वरून उतरणारी माणसं "देवीचा प्रसाद घ्या" म्हणून खोबऱ्याचे तुकडे हातावर ठेवायला लागली.

कौतिकराव खाली बसले.

"सुपडू."

"भाऊ, किल्लाले देवी लागसच! राजा काय बिनादेवीना लढसत?"

"मग माले बिनादेवना डोंगर दाखव."

"खान्देशमा? भाऊ, आपला आठे डोंगर शे तठे देव शे." सुपडूनं डोकं खाजवलं. खोबरं चावत बराच वेळ विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "मना वावरना जोडे एक टेकडी शे. बठ्ठी बोडकी. ना झाड, ना पानी, ना देव. तठे शेळ्या बी जातीस नही."

सुपडूच्या शेताला लागूनच असलेली ती टेकडी बघून कौतिकरावांचे डोळे भरून आले. कळस नाही, झेंडा नाही, पायरी नाही. उभा चढ, मुरूम आणि धोंडे, अगदी ट्रेकसाठीच घडवल्यासारखी. ते चार दिवस सुपडूकडेच मुक्कामाला राहिले. पहाटे बूट घालायचे, वर जायचं, माथ्यावर मेघानं सांगितलेले व्यायाम करायचे: दोन्ही हात वर ताणून डोळे मिटून खोल श्वास, मग कमरेत वाकून जमिनीला हात, मग गुडघे टेकून पाठीचा ताण. बूट कुरकुरायचे थांबले. टाचेपाशी किंचित नरम आले. कौतिकराव एकादशीसाठी जळगावला गेले ते मन हलकं करून गेले, आणि पारणं करून पुन्हा आले.

परत आल्यावर पहाटे माथ्यावर पोचतात तो समोर शेंदूर.

काल-परवापर्यंत जो नुसता धोंडा होता, त्याला ताजा शेंदूर फासला होता. पुढे फोडलेला नारळ, विझलेली उदबत्ती, बाजूला काठीला बांधलेलं भगवं फडकं. आणि धोंड्याशेजारी हात जोडून बसलेली, शेळ्या राखणारी धुरपदाबाई.

"या महाराज," ती म्हणाली. "तुम्हीन सांगं नही, पन आम्हले समजी गयं."

"काय समजी गयं अक्का?"

"आठे जागा शे म्हनीसन. जळगावना माळकरी मानूस पहाटे येस, बोडकी टेकडी चढस, वर हात करस, डोया मिटस, वाकीसन माथा टेकस. मी रोज खालतून देखस. आमना गावना लोकं आंधया. आठे देव व्हता, कोनलेच समजनं नही."

"अक्का, देव नही शे आठे. मी व्यायाम करस."

धुरपदाबाई मायेनं हसली. खरा भक्त आपण होऊन कबूल करत नसतो, हे तिनंही कीर्तनातच ऐकलं होतं. "असू द्या महाराज. मनी शेळी हरवनी व्हती. आठे नवस करा, नि सांजले शेळी घर उनी. गाभण व्हती बिचारी."

आता इथं खरं म्हणजे दोन वाक्यांचं काम होतं. खाली बसायचं, खिशातला मोबाइल काढायचा, मेघाच्या ट्रेकची छायाचित्रं दाखवायची आणि सांगायचं, बाई, हे सगळं माझ्या टाचेसाठी चाललंय. पण शेळी परत आलेली होती. जिची शेळी परत आली आहे तिला, तुझा देव म्हणजे माझी कंबर मोकळी करायची जागा, हे सांगायला जीभ उचलेना. आणि दुसरं असं, की शेंदूर लागला होता. कोणाच्या चुकीनं का असेना, लागला होता. कौतिकरावांनी धोंड्याकडे बघितलं, धुरपदाबाईकडे बघितलं, मुकाट्यानं खाली बसले आणि नाड्या सोडल्या. उतरताना मुरूम टोचत होता आणि खालून तीन बायका नारळ घेऊन वर येत होत्या.

त्याच दिवशी मेघाचा फोन आला.

"आबा, बूट रुळले का?"

आता कौतिकराव खोटं बोलत नसत. माळ घातल्यापासून बोललेच नव्हते. ते म्हणाले, "रुळतील."

"रुळतील म्हणजे? दीड महिना झाला! तळ दाखवा बघू. व्हिडिओ कॉल करते."

"आत्ता नको. आत्ता ते... चिखलात आहेत."

फोन ठेवून त्यांनी बुटांकडे बघितलं. बूट चिखलात नव्हते, सुपडूच्या ओसरीवर स्वच्छ बसलेले होते. म्हणजे खोटं बोलून झालं होतं. ते निस्तरायचा एकच मार्ग होता, बूट ताबडतोब चिखलात घालायचे. समोर सुपडू गव्हाला पाणी भरायला निघाला होता.

"सुपडू, थांब. हे बूट घाल."

"माले?"

"घाल. नि वावरमा जाय."

सुपडूनं बूट घातले. बांधाबांधानं पाणी फिरवलं, चिखल तुडवला. तासाभरानं आला तो चेहऱ्यावर असा आनंद, की कौतिकरावांना तो फक्त मृदंगाची शाई जमल्यावर दिसायचा. "भाऊ, काटा नही, गोटा नही, पानी बी मजार येत नही! राजाना जोडा शे राजाना!"

आणि तिथंच कौतिकरावांना ती युक्ती सुचली, जिच्याबद्दल ते पुढे फार दिवस स्वतःलाच बोल लावत राहिले. मेघा विचारते, बूट रुळले का. तुम्ही रुळवले का, असं ती विचारतच नाही. सुपडूनं महिनाभर हे बूट वापरले तर बूट रुळतील. आपण म्हणू, रुळले. त्यात खोटं काय? देवाचीही अडचण नाही, कारण सुपडूच्या वावरात देव नव्हता. तेवढी चौकशी त्यांनी करून घेतली.

सुपडूनं काम जीव लावून केलं. गव्हाला पाणी, केळीची पानं कापणं, बाजार, लग्नं, सगळीकडे बूट. एका कीर्तनालासुद्धा तो ते घालून आला आणि मांडवाबाहेर काढायला तयार होईना, अखेर पिशवीत घालून मृदंगाशेजारी ठेवले. कौतिकरावांनी फोनवर तळ दाखवला. झिजलेला, मुरमानं ओरखडलेला, कडांना वाळलेली माती.

"वा आबा!" मेघाच्या आवाजात अभिमान मावेना. "काय मेहनत घेतलीय तुम्ही! रुळले ना छान?"

"रुळले," कौतिकराव म्हणाले. शब्द अगदी खरा होता. फोन मात्र त्यांनी घाईनं ठेवला.

निघायच्या आधी बूट परत घ्यायला गेले तेव्हा सुपडूनं ते धुऊन, पुसून, टॉवेलात गुंडाळून आणून दिले. लेकीची पाठवणी करावी तसा तो उभा राहिला. "भाऊ, सांभाळीसन. आते ह्या बूट मना पायले वळखतस."

कौतिकराव हसले. हसायची ती वेळ नव्हती. सुपडूनं निम्मा जन्म अनवाणी काढलेला. पाऊल फावड्यासारखं रुंद आणि डाव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखा बाहेर वळलेला. महिनाभरात बुटानं तो सगळा आकार निमूट शिकून घेतला होता. उंबऱ्याबाहेर उभं राहून कौतिकरावांनी बूट पायात घालून बघितले तेव्हा ते नरम लागले, ऐसपैस लागले. "रुळले खरंच," ते इंदिराबाईंना म्हणाले.

"देवाची कृपा," इंदिराबाई म्हणाल्या आणि दशम्यांचा डबा पिशवीत घातला.

ट्रेकचा पहिला दिवस सोन्याचा गेला. देवदारांतून वाट, मेघा पुढे, मेघा मागे, "आबा, हे बघा, आबा, ते बघा." ती इतकं बोलते हे कौतिकरावांना माहीतच नव्हतं. तिला नदीची भीती वाटते, तिला ऑफिसातला कोणीतरी आवडायचा आणि आता आवडत नाही, जर्मनीला जायचं म्हणून ती एकदा रात्रभर रडली, हे सगळं ती चालता चालता सांगत होती. कौतिकराव ऐकत होते आणि डाव्या टाचेत काहीतरी सुरू झालं होतं, त्याकडे लक्ष देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लक्ष द्यावं लागलं. बूट पुढे रुंद आणि मागे सैल. प्रत्येक पावलाला टाच आत वर-खाली व्हायची. डाव्या बाजूला सुपडूच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला, त्यात यांचा पाय घसरायचा. तळवे त्यांचे अनवाणी चढून दगडासारखे झाले होते, पण बूट तळव्याला लागतच नव्हता. बूट लागत होता टाचेच्या मागे, जिथं कुठल्याही देवानं त्यांच्याकडून तयारी करून घेतली नव्हती. वरच्या छावणीत पोचून मोजे काढले तेव्हा मोज्यांबरोबर बरंच काही निघालं.

मेघा दुसऱ्या तंबूत बर्फात बुटांना लावायचे काटे घ्यायला गेली होती. छावणीचा प्रमुख मलम घेऊन आला. त्यानं पाय बघितले, मग बूट उचलून आत हात घालून बघितला.

"अंकल, ये जूते किसके हैं?"

"मेरे."

"जूता आपका होगा. पैर किसी और का है इसके अंदर."

त्यानं बूट खाली ठेवला आणि मलमाची डबी उघडली.

"कल आप ऊपर नहीं जाएँगे."

"बेटी को मत बताना," कौतिकराव त्याचा हात धरून म्हणाले. "उसको पता चला तो वो भी नहीं जाएगी. बहुत दिन से उसके मन में है."

"तो मैं झूठ बोलूँ?"

"नहीं, नहीं. तुम चुप रहो. बोलूँगा मैं."

तिसऱ्या दिवशी पहाटे दोन टोळ्या निघणार होत्या. तरुण पुढे, सावकाश चालणारे मागून. कौतिकरावांनी दातावर दात रोवून बूट चढवले, टोपी घातली आणि तंबूच्या दाराशी हसत उभे राहिले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी मागून येतो."

"नक्की आबा? मी थांबते ना तुमच्याबरोबर."

"माझी चाल टाळकऱ्याची. दोन पुढे, एक मागे. तू कशाला अडकतेस? जा."

ती गेली. मागून म्हणजे केव्हा हे आपण सांगितलेलं नाही, तेव्हा हेही काही खोटं नव्हे, असं त्यांनी मनाशी पटवून घेतलं आणि दुसरी टोळी गेल्यावर बूट काढून स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन बसले.

तो सकाळचा वेळ त्यांचा बरा गेला, हे सांगायलाच हवं. त्यांनी आचाऱ्याला बटाटे सोलून दिले. ॲल्युमिनियमच्या दोन झाकण्या घेऊन हळू आवाजात भजन धरलं. आचाऱ्यानं पातेल्यावर ठेका दिला. कौतिकरावांना आतून शांत वाटत होतं. आपल्याला नाही जमलं, पण लेक आत्ता वर बसली असेल, समोर हिमालय असेल. बापानं आणखी काय द्यायचं? एका छोट्याशा शब्दानं तिला एवढं मिळत असेल तर देव तो शब्द पोटात घालील.

दुपारी मेघा उतरली. तोंड उन्हानं लाल, ओठ फुटलेले. तंबूच्या दारात उभी राहून तिनं आधी बापाकडे बघितलं, मग सोललेल्या बटाट्यांकडे, मग त्यांच्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे.

"तुम्ही इथं आहात."

"हो. म्हणजे... बस ना. कसं होतं वर? काय काय दिसलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? ढग होते का?"

"लख्ख होतं. सगळे म्हणत होते इतकं स्वच्छ कधीच नसतं." ती खाली बसली. "दुसरी टोळी आली, त्यात तुम्ही नव्हता. त्यांना विचारलं, ते म्हणाले येत असतील मागून. मी म्हटलं, आबा एकटे आहेत, दमले असतील. वरच्या गाईडला म्हटलं, अजून थोडं थांबा. सगळे उतरायला लागले तरी मी म्हटलं, अजून थोडं. शेवटी त्यानं दंडाला धरून उठवलं. बर्फ मऊ व्हायला लागलं होतं." ती थांबली. "आबा, मी सगळा वेळ डोंगरांकडे पाठ करून बसले होते. वाटेकडे तोंड करून. तुम्ही आल्यावर दोघांनी मिळून वळायचं, म्हणून."

आचाऱ्यानं स्टोव्ह बंद केला आणि काही काम नसताना बाहेर निघून गेला.

कौतिकरावांनी मग सगळं सांगितलं. मारुतीपासून सुरुवात केली. गणपतीचा डोंगर, किल्ल्यावरचं खोबरं, धुरपदाबाईची शेळी. सुपडूच्या अंगठ्यापाशी मेघाला हसू आवरेना. ती हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि डोळे पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

"मला सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "काल सांगितलं असतंत तर मी गेलेच नसते. इथंच बसलो असतो दोघं. बटाटे सोलत."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"हो. पण शेजारी बसायचं होतं, आबा. कुठं बसायचं ते मला चाललं असतं."

आयुष्यभर कौतिकरावांनी इतकी कीर्तनं ऐकली, एवढे दृष्टान्त पाठ केले, पण त्या वेळी एकही जिभेवर येईना.

मेघा मे महिन्यात जर्मनीला गेली. जाताना नेहमीसारखीच "असू द्या आबा" म्हणाली. तिच्या टोळीतल्या कोणीतरी वर काढलेला एक फोटो पाठवला होता. इंदिराबाईंनी तो मोठा करून बैठकीत लावला आहे. मागे पांढरीशुभ्र शिखरांची रांग, पुढे दहा-बारा जणं हात उंचावून हसताहेत, आणि एका टोकाला मेघा. तिनं मात्र मान वळवलेली, नजर खाली कुठंतरी लागलेली.

"एवढी वर गेली," इंदिराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आणि ऐन वेळी पोरीनं तोंड फिरवलं. फोटो काढणाऱ्यानं हाक मारायला नको?"

पाहुणे चष्मा सारखा करून फोटोजवळ जातात. "खरंच की. काय बघतेय हो ती तिकडे? कोण होतं?"

"कोणी नव्हतं," कौतिकराव म्हणतात.

आणि हे ते अगदी खरं सांगत असतात.